शेपूट तुटलेलं नाहीये, आलंच नव्हतं

आमच्या मांजरीचं नाव बांडी. नाव ठेवताना फार डोकं लावलं नाही हे कबूल. शेपूट नसलेल्या जनावराला बांडं म्हणतात, ही मादी म्हणून बांडी, संपला विषय. पण तिला बघणाऱ्या प्रत्येकाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "अरेरे, शेपटीला काय झालं हिच्या?" आणि मी तोंड उघडायच्या आत त्यांचीच तीन उत्तरं तयार असतात, दारात चेंगरली असेल, कुत्र्याने तोडली असेल, नाहीतर कुणीतरी दुष्टपणाने कापली असेल. काही झालेलं नाहीये हो. ती जन्मलीच तशी.

आता हे मला तरी कुठं माहीत होतं. ती आली तेव्हा तीनेक महिन्यांची होती आणि मीही अपघातच समजून तिला पोटाशी धरून डॉक्टरांकडे पळाले. डॉक्टरांनी शेपटीकडे बघितलंही नाही, आधी विचारलं, "शू नीट करते का? शी?" मला जरा विचित्रच वाटलं, मी शेपूट घेऊन आलेय आणि हे भलतंच विचारतायत. करते म्हटलं, अगदी लीटर बॉक्समध्ये जाऊन करते, वर माती पण ओढते. मग ते निवांत झाले आणि एक्स-रे काढला.

तो एक्स-रे माझ्या फोनमध्ये अजून आहे. साध्या मांजराच्या शेपटात २० च्या आसपास मणके असतात, बांडीच्या शेपटात सहा. त्यातला चौथा पाचरीसारखा एका बाजूला निमुळता, त्यामुळे शेपूट तिथून डावीकडे वळतं, आणि शेवटचे दोन एकमेकांना चिकटून एक गाठ झालेली. डॉक्टर म्हणाले, बाई, तुटलेली शेपटी अशी नसते, तुटली असती तर शेवटपर्यंत मणके चांगले घडलेले दिसले असते आणि मग एकदम काहीच नाही. इथं ते घडतानाच वेगळे घडलेत. बाहेरून बघाल तर माझ्या अंगठ्याच्या एका पेराएवढा तो प्रकार आहे, वर केसांचा झुपका, आणि आत ती गाठ, बोटाला खडा लागावा तशी लागते. खिडकीबाहेर पक्षी दिसला की हा खडा थरथरायला लागतो. बाकीच्या मांजरांचं शेपूट कसं सळसळतं, हिचं फक्त टिकटिकतं. राग आला तरी टिकटिक, लाड करून घ्यायचे असले तरी टिकटिक, फरक कळायला मला वर्ष लागलं. आता मी कानांवरून ओळखते.

तर तेव्हापासून मला हा नादच लागला, जन्मापासून बिनशेपटीची मांजरं. वाटलं होतं एक-दोन जाती असतील, पण हे प्रकरण मारुतीच्या शेपटासारखं लांबत गेलं.

सगळ्यांत प्रसिद्ध म्हणजे मँक्स. ब्रिटन आणि आयर्लंडच्या मधल्या समुद्रात आइल ऑफ मॅन म्हणून ५७२ चौरस किलोमीटरचं एक बेट आहे, तिथलं हे मांजर. गंमत बघा, या बेटाच्या झेंड्यावर तीन पाय आहेत, नुसते पाय, गुडघ्यात वाकलेले, गोल फिरणारे, आणि मांजराला शेपूट नाही. म्हणजे अवयवांचा हिशोब तिथं एकूणच वेगळा चालतो. त्यांना या मांजराचं इतकं कौतुक की १९७० साली नाण्यावर छापलं. आणि ते असं का झालं याच्या गोष्टी तर एकाहून एक. बायबलमधल्या प्रलयाच्या गोष्टीतल्या नोहाच्या तारवात, म्हणजे जहाजात, हे मांजर सगळ्यांत शेवटी आलं, तेवढ्यात दार बंद झालं आणि शेपूट बाहेर राहिलं, ही एक. दुसरी, १५८८ च्या स्पॅनिश आरमाराचं जहाज फुटलं आणि त्यातून पोहत आली. तिसरी माझी आवडती, मांजर आणि सशाची संतती. मँक्सचे मागचे पाय पुढच्यांपेक्षा लांब असतात, ढुंगण गोल आणि उचललेलं, त्यामुळे सशाची आठवण येते हे खरं, पण मांजर आणि ससा यांची पिल्लं होऊच शकत नाहीत, कितीही प्रेम असलं तरी.

खरं कारण साधं आहे. कधीतरी एका मांजरात जीनमध्ये एक चूक झाली, आणि बेट लहान, मांजरं मोजकी, बाहेरून नवीन रक्त फारसं येत नाही, म्हणून ती चूक पसरली. मोठ्या मुलुखात ती कुठच्या कुठे विरून गेली असती.

आणि सगळी मँक्स बिनशेपटीची असतात असंही नाही, एकाच वेतात चार तऱ्हा निघतात. अजिबात शेपूट नाही ते रंपी, जिथं शेपूट असायला हवं तिथं चक्क खळगा असतो. त्यानंतर रंपी रायझर, म्हणजे एक-दोन मणक्यांचा उंचवटा, नुसता बघून कळत नाही, हात लावावा लागतो. कॅट शोमध्ये परीक्षक पाठीवरून तळहात फिरवत मागपर्यंत आणतात आणि तो उंचवटा हाताला अडला नाही तर चालतं, अडला तर मार्क गेले. मला हे वाचून हसूच आलं, एवढ्याशा हाडावर नशीब. मग स्टंपी, आखूड शेपटाचं, आणि लाँगी, जवळपास पूर्ण शेपूट असलेलं. लांब केसांच्या मँक्सला सिम्रिक म्हणतात, ते नाव वेल्सच्या वेल्श भाषेतल्या नावावरून घेतलंय, पण मांजराचा वेल्सशी काही संबंध नाही. असो.

आता खरी गोष्ट. शेपूट नसणं ही चूक कशामुळे होते हे २०१३ मध्ये नीट सापडलं, टी नावाच्या जीनमधला बिघाड. हा जीन जुना ओळखीचा आहे, १९२७ साली नादेझ्दा दोब्रोवोल्स्काया-झावाद्स्काया या बाईंना आखूड शेपटाचे उंदीर सापडले होते तेव्हापासून. त्याला ब्राक्युरी म्हणतात, ग्रीकमध्ये त्याचा अर्थच आखूड शेपूट. आईच्या पोटात पिल्लू घडत असताना शरीर डोक्याकडून मागे मागे वाढत जातं आणि मागच्या टोकाला कण्यासाठी माल पुरवत राहायचं काम या जीनचं. माल मध्येच संपला की मणक्यांची माळ तिथंच थांबते.

प्रत्येक पिल्लाला या जीनच्या दोन प्रती मिळतात, एक आईकडून एक बापाकडून. एक प्रत बिघडलेली असली की शेपूट जातं किंवा आखूड होतं. दोन्ही बिघडलेल्या असल्या तर पिल्लू जन्मतच नाही, पोटातच अगदी सुरुवातीला जिरून जातं. म्हणून दोन बिनशेपटीची मँक्स एकत्र आणली तर सरासरी दर चार गर्भांतला एक जातो, दोन बिनशेपटीचे, एक शेपूटवाला. पिढ्यान् पिढ्या जोड्या लावल्या तरी शंभर टक्के बिनशेपटीची पिल्लं देणारी मँक्स मिळणारच नाहीत, कारण तशी मांजरं अस्तित्वातच येऊ शकत नाहीत. समजूतदार ब्रीडर म्हणूनच रंपीची जोडी शेपूटवाल्याशी लावतात.

आणि जी जन्मतात त्यांचंही सगळं सुरळीत असतं असं नाही, कारण माळ नेमकी कुठं थांबेल हे त्या जीनच्या हातात नाही. शेपटाच्या मुळाशी थांबली तर मांजर गोंडस दिसतं. अजून चार मणके आधी थांबली तर थेट त्रिकास्थीलाच हात, म्हणजे कमरेखालचं जे हाड असतं ते, आणि तिथूनच मूत्राशयाच्या आणि शी रोखायच्या नसा निघतात. डॉक्टरांनी मला पहिला प्रश्न तो का विचारला होता ते हे वाचताना कळलं. (अपघातातही तेच, शेपूट जोरात ओढलं गेलं तर मुळाशी नसा तुटतात, शेपूट वाचतं न वाचतं ते नंतरचं, मांजराला शू करता येणं बंद होतं. मांजराला शेपटीने धरून उचलणाऱ्यांना हे कुणीतरी सांगा.)

माझ्या एका मैत्रिणीकडे टिंबू होता. शेपटाच्या जागी फक्त केसांचं एक टिंब, म्हणून टिंबू. तिने बांडीला बघून हौसेने आणलेला, ज्याच्याकडून घेतला तो म्हणाला एकदम रेअर पीस आहे. टिंबू सशासारखा उड्या मारत चालायचा, मागचे दोन्ही पाय एकदम उचलून, आणि आम्ही सगळे, मी सुद्धा, मोबाइल काढून व्हिडिओ घ्यायचो. किती क्यूट म्हणून शेअर केलेत ते. दोन महिन्यांनी तिच्या लक्षात आलं की तो बसून उठला की खाली ओलं असतं. तिला वाटलं सवय लागली नाही अजून, लीटर बॉक्स बदलला, वाळू बदलली, रागावली पण त्याला. मग शी अडकायला लागली, आठवडा आठवडा. एक्स-रेत कमरेखालचं हाड अर्धवटच घडलेलं निघालं आणि ती उडी, जिचे आम्ही व्हिडिओ काढत होतो, ती मागच्या पायांच्या नसा नीट काम करत नाहीत म्हणून होती.

मँक्स सिंड्रोम म्हणतात याला. बहुतेक वेळा पहिल्या काही महिन्यांतच दिसतो, म्हणून मँक्सचं पिल्लू फार लहान असताना द्यायचं नाही, चार महिने तरी जाऊ द्यायचे, असा जाणत्या ब्रीडरचा नियम असतो. टिंबू आला तेव्हा सात आठवड्यांचा होता.

मैत्रीण दिवसातून चार वेळा त्याचं पोट हाताने दाबून शू काढायची. मी एकदा केलंय ते तिच्याकडून शिकून. एका हाताने छाती धरायची, दुसऱ्या हाताच्या अंगठा आणि बोटांमध्ये पोटाच्या मागच्या बाजूला एक मऊ फुगा लागतो, लिंबाएवढा, तो हळूहळू, अगदी एकसारखा दाबत मागे न्यायचा, सिंकवर धरून. टिंबू तेवढा वेळ नळाच्या थेंबाकडे बघत बसायचा, त्याचं त्याला काही नव्हतं. पण सारखं इन्फेक्शन व्हायचं, मूत्राशयाचं, मग किडनीचं. चौदा महिने जगला. मैत्रिणीने त्या माणसाला फोन करून सांगितलं तर तो म्हणाला, ताई, दुसरं पिल्लू देतो, त्याच जोडीचं आहे.

यावर मी काही लिहीत नाही, लिहिलं तर भाषा बिघडेल.

पण इथंच मला थांबून सांगायचंय की सगळं आखूड शेपूट म्हणजे हे नव्हे. मला स्वतःलाच टिंबूनंतर बांडीची इतकी धास्ती बसली होती की मी तिच्या मागे मागे लीटर बॉक्सपर्यंत जायचे आणि ती माझ्याकडे अशी बघायची की बाई जरा प्रायव्हसी. मग जपानी बॉबटेलबद्दल वाचलं आणि जीव भांड्यात पडला.

जपानी बॉबटेलचं शेपूट म्हणजे सशाच्या शेपटासारखा गोंडा. सरळ केलं तर चार-सहा इंच भरेलही, पण ते सरळ होतच नाही, आतले मणके वाकलेले, चिकटलेले असतात, आणि ओढून सरळ करायला गेलात तर मांजराला दुखतं, करू नका. कुठल्याही दोन मांजरांचं वळण सारखं नसतं. जपानमध्ये ही मांजरं शेकडो वर्षांपासून आहेत, एदो काळातल्या, म्हणजे सतराव्या ते एकोणिसाव्या शतकातल्या, लाकडी ठशांच्या चित्रांमध्ये आखूड शेपटाची मांजरं सर्रास दिसतात, आणि ते दुकानात पंजा हलवत बसलेलं मांजर, मानेकी-नेको, ते पण बहुतेक वेळा आखूड शेपटाचंच असतं, पाठीमागून बघा कधी. तिथं एक समजूत होती की मांजर म्हातारं झालं की त्याचं शेपूट दोन फाट्यांत चिरतं आणि ते नेकोमाता नावाचं भूत होऊन मालकाच्याच मुळावर येतं. आता ज्याला शेपूटच नाही त्याचं काय चिरणार? त्यामुळे आखूड शेपटाची मांजरं लोकांना बरी वाटायची. १६०२ मध्ये क्योतोत हुकूम निघाला की बांधून ठेवलेली मांजरं सोडून द्या, उंदरांनी उच्छाद मांडला होता. मांजरं रस्त्यावर आली, वाढली. राजघराण्यातलं मांजर गल्लीतलं झालं. अमेरिकेत ही जात पोचली ती १९६८ मध्ये.

काही जण म्हणतात की भुताच्या भीतीने लोक शेपट्या कापायचे आणि कापून कापून मांजरं तशीच जन्मायला लागली. नाही हो, असं होत नाही. १८८० च्या दशकात आउगुस्ट वाइझमान या जर्मन शास्त्रज्ञाने उंदरांच्या शेपट्या पिढ्यान् पिढ्या कापून बघितल्या, प्रत्येक नवीन पिल्लू बापडं पूर्ण शेपूट घेऊनच जन्मलं. कापलेलं जीनपर्यंत पोचत नाही.

तर २०१६ मध्ये कळलं की जपानी बॉबटेलमध्ये टी जीनचा काही संबंधच नाही, हा वेगळाच जीन आहे, एचईएस७. आणि हे मला भारी आवडलेलं आहे. कणा घडताना गर्भात मणक्यांचे ठोकळे एकेक करून ठरावीक वेळाने तयार होतात, टिक, एक ठोकळा, टिक, पुढचा, अक्षरशः घड्याळ चालतं आत, आणि एचईएस७ त्या घड्याळाचा भाग आहे. बॉबटेलमध्ये ते घड्याळ थोडं चुकीचं चालतं, म्हणून टोकाकडचे मणके वेडेवाकडे, चिकटलेले आणि कमी होतात. पण माल संपत नाही, नसा शाबूत. दोन्ही प्रती बदललेल्या असल्या तरी पिल्लू ठणठणीत जन्मतं, त्यामुळे बॉबटेलला बॉबटेल लावलं की सगळी पिल्लं गोंड्याची, कुणी पोटात जात नाही. वरून बघायला दोन्ही मांजरं "बिनशेपटीची", आणि आत एकात माल संपलाय तर दुसऱ्यात घड्याळ चुकलंय. म्हणून कुणी शेपूट नसलेलं पिल्लू घ्यायचं म्हटलं की मी शेपटाबद्दल बोलतच नाही, आमच्या डॉक्टरांचाच प्रश्न विचारते.

बाकीच्या जाती पटकन. कुरिलियन बॉबटेल, रशियाच्या पूर्वेकडच्या कुरिल बेटांवरचं, दणकट, पट्टीचं शिकारी. परत बेटच, बघा. मेकाँग बॉबटेल, दिसायला सयामी, निळे डोळे, शेपूट तेवढं गाठीचं. अमेरिकन बॉबटेल, १९६० च्या दशकात ॲरिझोनात फिरायला गेलेल्या एका जोडप्याला आखूड शेपटाचा बोका सापडला तिथून सुरुवात. पिक्सी-बॉब, १९८० च्या दशकातलं, अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यातलं, याच्याबद्दल रानटी बॉबकॅटचं रक्त आहे असं सांगून भाव वाढवतात, डीएनएत तसं काही सापडत नाही. शेवटच्या दोघांमध्येही मँक्सवाल्या टी जीनचे बिघाड सापडलेत, म्हणजे तिथंही डोळे उघडे ठेवा. आणि जात वगैरे काही नसलेली, बांडीसारखी, ती तर सगळ्यांत जास्त. डार्विनने १८६८ सालीच लिहून ठेवलंय की मलाया, सयाम, ब्रह्मदेश या सगळ्या पट्ट्यात मांजरांची शेपटं अर्धीच असतात आणि टोकाला बऱ्याचदा गाठ.

लोक विचारतात मग तोल कसा सांभाळते. अरुंद कठड्यावर चालताना शेपटाचा उपयोग होतो हे खरं, पण जिला कधी नव्हतंच तिचं काय अडणार. वरून पडताना सरळ व्हायचं कामही मुख्यतः कंबर पिळून होतं, शेपूट नसलेली मांजरंही पायांवरच उतरतात. बांडी कपाटावरून उतरताना मागचा भाग जरा डावीकडे टाकते एवढंच, आणि धप्प असा आवाज येतो, पण तो वजनामुळे असावा.

हे सगळं मी शेजारच्या सात वर्षांच्या मुलीला सांगत होते, कारण तिने रोजच्यासारखं विचारलं, मावशी, बांडीची शेपटी कधी उगवणार? बोलता बोलता मी तिला सांगितलं की मँक्सचा जो टी जीन आहे ना, तोच आपल्यातही आहे, आणि साधारण अडीच कोटी वर्षांपूर्वी आपल्या पूर्वजांच्या त्याच जीनमध्ये एक तुकडा येऊन घुसला, म्हणून माकडांना शेपूट आहे आणि आपल्याला, गोरिलाला, चिंपांझीला नाही. २०२४ मध्येच छापून आलंय ते संशोधन. आईच्या पोटात सुरुवातीला आपल्यालाही इवलंसं शेपूट असतं, आठव्या आठवड्यापर्यंत गायब होतं, राहतं ते माकडहाड, चारेक मणके एकमेकांना चिकटलेले. तिने लगेच मागे हात लावून बघितलं. मग बांडीला हात लावून बघितलं. बांडीचं टिकटिक सुरू झालं, कान मागे, म्हणजे पुरे आता.

काल संध्याकाळी जिन्यात कुणीतरी पाहुणे बांडीला बघून थांबले होते, अरेरे, शेपटीला काय झालं हिच्या. मी दार उघडेपर्यंत ती पोरगी कमरेवर हात ठेवून उभी होती. "काही झालं नाहीये. आलीच नव्हती. तुम्हाला तरी कुठं आहे?"